नको 1 ते नको 31

माझ्या फोनमध्ये अजूनही वसुलीवाल्यांचे एकतीस नंबर ‘नको’ या नावाने साठवलेले आहेत. नको 1, नको 2, असे करत नको 31 पर्यंत. 2023 च्या मे महिन्यात पहिला नंबर साठवला तेव्हा वाटलं होतं, एवढा एक उचलला नाही की झालं. मग दुसऱ्या नंबरवरून फोन आला, मग तिसऱ्या. जूनच्या शेवटी मी फोनचा आवाज बंद करून तो ओट्यावर पोळपाटाच्या मागे ठेवायला लागले. पण संध्याकाळी पोळ्या लाटायला पोळपाट उचलावाच लागायचा, आणि मागे दिसायचं: अकरा मिस्ड कॉल.

मागच्या महिन्यात ऑफिसमधली एक मुलगी डब्याच्या सुट्टीत सगळे उठून गेल्यावर माझ्या शेजारी येऊन बसली. डबा उघडलाच नाही. "ताई, क्रेडिट कार्डाचे पैसे भरता येत नसले तर काय होतं हो?" एवढंच विचारलं, तेही दुसऱ्या कुणाबद्दल विचारावं तसं. तो ‘तर’ माझ्या चांगल्या ओळखीचा होता. अर्ध्या तासाच्या सुट्टीत तिला जे सांगितलं ते तुटकच झालं. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

मी नाशिकला सिडकोत राहते, अंबडच्या एका छोट्या कारखान्यात अकाउंट्स बघते. वीस वर्षं दुसऱ्यांची येणी-देणी जुळवत आले, त्यामुळे व्याज, थकबाकी, जीएसटी हे शब्द मला नवे नव्हते. डिसेंबर 2022 मध्ये यांची नोकरी गेली. टूलरूमचं काम होतं, कंपनीने अख्खी लाइन दुसरीकडे हलवली. जानेवारीत निफाडकडे माझी आई ओट्यावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. भावाची द्राक्षं, माल निघायला अजून दोन महिने होते. दवाखान्याच्या काउंटरवर मीच म्हणाले, "पैशाचं मी बघते, तू आईपाशी बस," आणि पर्समधून कार्ड काढलं.

मशीनमधून पावती बाहेर आली तेव्हा मला हायसं वाटलं होतं. कार्ड नसतं तर तेवढे पैसे गोळा होईपर्यंत आईचं ऑपरेशन लांबलं असतं. त्यामुळे कार्डाला सरसकट शिव्या घालणाऱ्यांशी माझं आजही पटत नाही.

ऑपरेशन, औषधं, पुढची फिजिओथेरपी असं सगळं मिळून 1,89,300 रुपये झाले. यांना मी सांगितलं, अर्धे भावाने दिले. नोकरी जाऊन घरात बसलेल्या माणसाला आणखी एक आकडा ऐकवायचं माझ्या जिवावर आलं. या एका खोट्याने पुढे काय काय केलं ते सांगण्यासाठीच हा लेख आहे, असं म्हटलं तरी चालेल.

पहिले दोन महिने मी मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, तेवढंच भरलं. पाच टक्के. पहिल्या महिन्याला 9,465, दुसऱ्याला 9,383. भरताना वाटायचं, चाललंय हळूहळू. व्याजाचा दर महिन्याला साडेतीन टक्के होता, म्हणजे वर्षाचे 42, आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी. एका रविवारी मी ऑफिसात दुसऱ्यांच्या खात्याचं करते तसं स्वतःच्या कार्डाचं कोष्टक मांडलं. दोन महिन्यांत 18,848 रुपये भरले होते. त्यातून मुद्दल उतरलं होतं 3,280 ने. उरलेलं सगळं व्याजात आणि करात गेलं. नुसतं मिनिमम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल, व्याजावर व्याज चढत राहील, हा इशारा स्टेटमेंटवर छापलेला असतो. तो बारीक अक्षरातला मजकूर मी त्याआधी कधी वाचला नव्हता. आणि थकबाकी मागे असताना त्याच कार्डावर भरलेल्या पेट्रोललाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, बिनव्याजी मुदत मिळत नाही, हेही मला त्याच रविवारी कळलं.

माझ्याकडे दुसरंही एक कार्ड होतं, वेगळ्या बँकेचं. त्यावर 72,000 थकले होते: मुलाच्या बारावीच्या क्लासची फी आणि तीन महिन्यांचा किराणा. हे कार्ड घरात सगळ्यांना माहीत होतं. मार्चच्या शेवटी, ड्यू डेटच्या चार दिवस आधी, हे समोर बसलेले असताना मी त्या बँकेला फोन केला. सरळ सांगितलं, मिस्टरांची नोकरी गेली आहे, माझा पगार एवढा आहे, पूर्ण बिल या महिन्यात भरू शकत नाही आणि पुढच्याही महिन्यात नाही, पण मला थकवायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटं लागली. दोनदा फोन इकडून तिकडे जोडला गेला. शेवटी पलीकडच्या मुलीने संपूर्ण थकबाकीचे 24 हप्ते करून दिले, वर्षाला 16 टक्क्यांनी. हप्ता 3,525, वर व्याजावरचा जीएसटी. प्रोसेसिंग फी माफ करा म्हटलं, ती तिने केली. मागितली नसती तर नसती केली. चोवीस महिन्यांचं व्याज मिळून 12,600 च्या आसपास होतं. फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "एवढं सोपं होतं?"

त्या वेळी दुसऱ्या खोलीत, कपाटातल्या फाइलमध्ये, 1,86,020 थकलेलं ते पहिलं कार्ड होतं. त्याच संध्याकाळी त्याही बँकेला असाच फोन करता आला असता. मी केला नाही, कारण हे घरात होते आणि त्यांनी आकडा ऐकला असता. ज्या कर्जाचं नाव घरात घेता येत नव्हतं, त्याचं नाव बँकेतही घेता येईना.

एप्रिलपासून मी त्या कार्डाचं काहीच भरलं नाही.

वसुलीवाल्यांची एक भाषा असते, ती मला पुढच्या पाच महिन्यांत पाठ झाली. थकबाकी ते ‘बकेट’मध्ये मोजतात: 30 दिवसांची, 60 दिवसांची, 90 दिवसांची. पहिल्या बकेटमध्ये फोन करणारे कॉल सेंटरचे असतात, मॅडम-मॅडम करतात, आठवण करून देतात. या टप्प्यावर त्यांच्या हातात हप्ते करून देणं असतं, कधी एखादी लेट फी माफ करणंही असतं. 90 दिवस उलटले की खातं बुडीताकडे जातं, एनपीए होतं, फोन एजन्सीकडे जातात, आणि मग ‘सेटलमेंट’ हा शब्द पहिल्यांदा ऐकू येतो. बाहेरून वाटतं की जितकं थांबाल तितकी सूट जास्त. मलाही कुणीतरी असाच सल्ला दिला होता, की गप्प बस, स्वतःहून खाली येतील. पण त्या थांबण्यात रोज काय काय जातं ते सल्ला देणाऱ्याला दिसत नाही.

माझं काय गेलं, तर पहिल्यांदा माझा शब्द गेला. फोन उचललाच तर तो थांबावा म्हणून मी तोंडाला येईल ती तारीख द्यायची. पंधराला भरते. पगार झाला की भरते. सोमवारी नक्की. प्रत्येक तारीख पलीकडे कॉम्प्युटरवर नोंदली जात होती. पुढचा फोन करणारा नवा असायचा, पण मी मोडलेले वायदे त्याच्या समोर असायचे. "मॅडम, तुम्ही तीन वेळा कमिटमेंट दिली होती." तो खोटं बोलत नव्हता. जूनमध्ये एकाने सांगितलं, आज सहा हजार टाका, सगळ्या लेट फी काढून टाकतो. मी किराण्यातले सहा हजार टाकले. पुढच्या स्टेटमेंटमध्ये लेट फी तशाच होत्या. मी ज्याच्याशी बोलले तो तिथे आता काम करत नव्हता, आणि लेखी काहीच नव्हतं.

जुलैत दोन गोष्टी घडल्या. यांना सातपूरला नोकरी लागली, आधीपेक्षा कमी पगाराची, पण लागली. आणि आमच्या ऑफिसच्या लँडलाइनवर एजन्सीचा फोन आला. शेठनी उचलला. दोन मिनिटं ऐकून घेतलं, एक अक्षर बोलले नाहीत, आणि रिसीव्हर माझ्याकडे वळवून केबिनमध्ये निघून गेले. पलीकडचा माणूस म्हणत होता की पोलीस घेऊन येतो, जेलमध्ये जाल. मी उभ्याने ऐकलं. माझ्या टेबलावर त्याच कारखान्याची येणी असलेल्या गिऱ्हाइकांची यादी उघडी होती. त्यांना मीही फोन करते, पण असं बोलणं मला कधी सुचलं नव्हतं.

त्या रात्री झोप नव्हती, म्हणून वाचत बसले. रिझर्व्ह बँकेचं 12 ऑगस्ट 2022 चं परिपत्रक मिळालं. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, घरच्यांच्या किंवा मित्रमंडळींच्या खाजगीपणात शिरणं, काहीच चालत नाही, आणि एजंटच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच असते. कार्डाचे पैसे थकणं हा दिवाणी मामला आहे, निव्वळ त्यासाठी पोलीस अटक करत नाहीत. मात्र आपण चेक दिला आणि तो वटला नाही तर तो गुन्हा होऊ शकतो. एजन्सीवाले ‘सिक्युरिटी म्हणून तीन कोरे चेक द्या’ असं इतक्या सहज का म्हणत होते, ते मला तेव्हा उमगलं.

जेल हा शब्द मात्र डोक्यातून जाईना. आमच्याकडे तो फार जुना आहे. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, ती कर्जाची खतं, म्हणजे कर्जाचे कागद, ताब्यात घ्यायला. खतं मिळाली की जाळली. सावकाराच्या अंगाला हात लागल्याचे प्रकार त्या मानाने थोडेच. नगर जिल्ह्यापर्यंत ते लोण पसरलं. मग चौकशी झाली आणि 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. त्याने कोर्टाला खताच्या मागे जाऊन हिशेब मुळापासून तपासायला लावलं, आणि पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं. म्हणजे कर्जापायी तुरुंगाची ती भीती इथे जवळपास दीडशे वर्षांपूर्वीच कायद्याने काढली होती, आणि 2023 मध्ये एक मुलगा फोनवरून मला तीच घालत होता, आणि मी ती घेतही होते.

दुसऱ्या दिवशी मी बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल केला. तारीख, वेळ, कुठल्या नंबरवरून फोन आला, काय बोलला. चार ओळींत, रागाचा एकही शब्द न घालता. खाली लिहिलं: 30 दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. ती तक्रार फुकट असते, घरबसल्या करता येते, 14448 वर फोन करून माहिती मिळते. तिथपर्यंत जायची वेळ आली नाही. ऑफिसचे फोन आठवड्याभरात थांबले. कर्ज एक रुपयानेही कमी झालं नव्हतं, पण मला पुन्हा नीट विचार करता यायला लागला.

मग मी यांना सांगितलं. रविवार होता, मुलगा क्लासला गेला होता. सगळी स्टेटमेंट जमिनीवर मांडली. हे बराच वेळ शेवटच्या कागदाकडे बघत राहिले. तेव्हा आकडा 2,28,000 झाला होता. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी विचारलं, "आईंना माहितीये?" म्हटलं, नाही. मग ते उठले, मुलाच्या वहीतलं एक पान फाडून आणलं आणि म्हणाले, "मांड बरं सगळं."

त्या पानाची झेरॉक्स मी अजून जपून ठेवली आहे. दोघांचा मिळून पगार 43,000. घराचा हप्ता 11,400. किराणा 7,000. क्लास 3,500. आईच्या औषधांचा आमचा वाटा 2,800. लाइट, गॅस, मोबाइल 2,600. दोन गाड्यांचं पेट्रोल 2,500. दुसऱ्या कार्डाचा हप्ता करासकट 3,700. दूध, भाजी, फुटकळ खर्च 4,500. खाली उरले 5,000. त्यातले एक हजार आजारपणासाठी बाजूला ठेवायचेच, असं यांनी पेनने गोल करून सांगितलं. राहिले 4,000. चार महिने मी ज्यांना पंधरा हजार, वीस हजार, ‘सोमवारी नक्की’ असं सांगत आले होते, त्यांना खरं सांगायचा आकडा एवढाच होता.

दुसरा आकडा माझ्या हातात होता. लग्नातल्या पाटल्या, दोन तोळ्यांच्या. सराफाने मोड धरून, घट वजा करून 1,04,000 सांगितले. यांनी एकदाच म्हटलं, राहू दे, आणि मग पुन्हा काही बोलले नाहीत. सोन्यावर कर्ज काढायचाही विचार केला होता. पण एक कर्ज फेडायला दुसरं उभं करायचं, तेही महिन्याला चार हजारांच्या जोरावर, हे कोष्टकात बसेना. पाटल्या मोडल्या.

ऑगस्टमध्ये एजन्सीचा एक मुलगा घरी आला. चोवीस-पंचवीसचा असेल, पाठीला सॅक, शर्ट घामाने भिजलेला. "ताई, पाणी मिळेल का?" हे त्याचं पहिलं वाक्य. त्याला पाणी दिलं, आणि ते पानही दाखवलं. त्याने नीट वाचलं. म्हणाला, "एवढं लिहून कुणी दाखवत नाही, ताई. लोक दारच उघडत नाहीत." त्याला वसुलीवर कमिशन मिळायचं, पगार नावापुरता. त्याच्या आवाजात धमकी नव्हती, थकवा होता. पैसे त्याच्या हातात मात्र मी दिले नाहीत, आणि त्यानेही आग्रह धरला नाही. जाताना सांगून गेला, "तुम्हाला लोकअदालतीची नोटीस येईल. घाबरू नका. जा तिथं. तिथं मोठा साहेब असतो, त्याला आकडा कमी करायची पॉवर असते."

नोटीस आली. वर न्यायालयाचं नाव, खाली दाखलपूर्व प्रकरण असं छापलेलं. ते बघून शेजारच्या वहिनींचा चेहरा उतरला होता. पण दाखलपूर्व म्हणजे खटला अजून दाखलच झालेला नाही. लोकअदालतीत कुणावर तडजोड लादता येत नाही, फी लागत नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही. तडजोड झाली तर तिला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील करता येत नाही. म्हणून सही करायच्या आधी प्रत्येक शब्द वाचायचा, हे मी स्वतःला बजावून गेले.

सप्टेंबरमधली राष्ट्रीय लोकअदालत. सीबीएसजवळचं जिल्हा न्यायालय, शनिवार असूनही माणसांनी भरलेलं. ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलामागे पॅनेल, बाजूला बँकांचे अधिकारी फायलींचे गठ्ठे घेऊन. वीजबिलवाले, मोटारअपघातवाले, ट्रॅक्टरच्या हप्त्यांचे शेतकरी, बाइकच्या कर्जाची पोरं. एक आजोबा धोतराच्या सोग्याने कपाळ पुसत नातवाच्या मोबाइलच्या हप्त्यासाठी आले होते. मी पाच महिने स्वतःला नाशकातली एकटीच बुडवी समजत होते. त्या व्हरांड्यात उभी राहिल्यावर ते मनातून गेलं.

आमच्या टेबलावर बँकेचा अधिकारी माझ्याच वयाचा होता. फाइल उघडून म्हणाला, "मॅडम, 2,28,000 आहेत. आजच्या दिवसापुरतं 1,95,000 मध्ये क्लोज करून देतो."

मी पान पुढे केलं. "माझ्याकडे 1,04,000 तयार आहेत. शिवाय महिन्याला 4,000 देऊ शकते, पाच महिने. 1,24,000 होतात. याच्यावर माझ्याकडे नाही."

"असं सगळेच म्हणतात, मॅडम."

"सगळ्यांचं मला माहीत नाही, साहेब. हे माझं आहे. पगाराच्या स्लिपा मागे जोडल्यात."

पॅनेलवर एक वयस्कर वकीलबाई होत्या. त्यांनी पान घेतलं, चष्मा वर करून वाचलं, आणि बोट ठेवून विचारलं, "हा गोल केलेला हजार कसला?" म्हटलं, आजारपणाचा, त्याला हात लावणार नाही. त्यांनी पान अधिकाऱ्याकडे सरकवलं. तो बाहेर जाऊन फोन करून आला. 1,65,000. मी नाही म्हटलं. तो पुन्हा गेला. 1,50,000, तीन महिन्यांत. इथे माझं मन डळमळलं. समोर गर्दी होती, मागचे लोक खोकत होते, हो म्हणून सुटावं असं फार वाटलं. हे वाटणं मला ओळखीचं होतं, फोनवर ‘सोमवारी नक्की’ म्हणताना असंच वाटायचं. मी म्हटलं, "साहेब, मी आज हो म्हणेन आणि डिसेंबरात मोडेन. मग तुमचाही कागद वाया आणि माझेही पैसे."

ठरलं ते 1,40,000 ला. एक लाख सात दिवसांत, उरलेले आठ-आठ हजारांचे पाच हप्ते, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. त्यातला माझा खरा चार हजार, आणि दुसरा चार हजार कुठून ते मी तिथेच मनात जुळवलं: पहिल्या हप्त्याला पाटल्यांतले उरलेले, पुढच्या चारांना दिवाळीचा बोनस. कागदावर मी चार गोष्टी मागून लिहून घेतल्या. कार्डाचा नंबर आणि ठरलेली पूर्ण रक्कम. हप्त्यांच्या तारखा. पैसे थेट कार्डाच्या खात्यात भरले जातील, कुठल्या एजंटकडे नाहीत. आणि शेवटच्या हप्त्यानंतर किती दिवसांत नो ड्यूज पत्र मिळेल. अधिकारी थोडा वैतागला, पण लिहिलं. सही करताना त्याने सहज विचारलं, "आधी का नाही आलात? मार्च-एप्रिलात हप्ते करून दिले असते की." मी काहीच बोलले नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये शेवटचे आठ हजार भरले. पत्रासाठी दोनदा आठवण करावी लागली, मार्चमध्ये ते आलं.

हिशेब करणाऱ्याला वाटेल, की गप्प बसले त्या कार्डावर माझे 88,000 वाचले आणि बोलले त्या कार्डावर 12,600 व्याज गेलं, तर शहाणपण कशात? त्या मुलीनेही डब्याच्या सुट्टीत हेच विचारलं. 2024 च्या ऑगस्टमध्ये मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी शैक्षणिक कर्ज काढायला गेलो. सहकर्जदार म्हणून माझं नाव घातलं होतं, कारण माझी नोकरी वीस वर्षांची. अधिकाऱ्याने माझा सिबिल रिपोर्ट, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याची नोंद, उघडला आणि एका ओळीवर पेन्सिल टेकवली. ‘सेटल्ड’. शेजारी दुसऱ्या कार्डाच्या ओळीत एकही डाग नव्हता. सेटल्ड म्हणजे पूर्ण न भरता तडजोडीत मिटलेलं खातं. अशी नोंद किमान सात वर्षं राहते. ‘क्लोज्ड’, म्हणजे पूर्ण फेडून बंद झालेलं, या शब्दापासून ती एका शब्दाच्या अंतरावर आहे, पण कर्ज देणारा ती दोन वेगळ्या माणसांसारखी वाचतो. अखेर माझं नाव काढलं, यांचं घातलं. यांच्या नव्या नोकरीला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, त्यामुळे रक्कम कमी मंजूर झाली, आणि भावाने द्राक्षाच्या पैशातून फरक भरला. मुलगा शेजारच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होता.

पत हा शब्द मी रोज वापरते. पतपुरवठा, पतसंस्था, पतमर्यादा. आईच्या तोंडी तो वेगळ्या अर्थाने असतो, ‘चारचौघांत पत राहिली’ असं ती म्हणते. त्या खुर्चीवर बसले असताना दोन्ही अर्थ एकच होऊन समोर होते.

त्याच वर्षी 20 डिसेंबरला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये कार्डावर वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. कोर्टाने तो आदेश रद्द केला, व्याजदर हा रिझर्व्ह बँकेचा विषय आहे म्हणून. कायद्याचं मी काय बोलणार, पण माझं मत सांगते. महाराष्ट्रात परवाना असलेल्या सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांच्या वर जाता येत नाही. आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता: एका वेळी व्याज मुद्दलाहून जास्त वसूल करायचं नाही. ज्या समाजाने सावकाराला एवढी वेसण घातली, त्याने कार्डाच्या 42 टक्क्यांना मोकळं सोडावं, हे मला अन्यायाचं वाटतं. त्यामुळे माझ्या सुटलेल्या 88,000 मधल्या व्याजाबद्दल आणि लेट फीबद्दल माझ्या मनात टोचणी नाही.

पण त्यात मुद्दलही आहे. 1,86,020 मधून ते सहा हजार आणि 1,40,000 वजा केले की 40,000 उरतात. ते आईच्या खुब्यात गेलेले खरे पैसे आहेत, कुणाचे तरी. मी बँकेला विचारलं, एवढे भरले तर नोंद बदलाल का? उत्तर आलं, सुटलेली पूर्ण रक्कम भरली तर. 88,000 भरायची माझी तयारी नाही, आणि 40,000 विसरता येत नाहीत. पोस्टात महिन्याला हजाराची आवर्ती ठेव उघडली आहे. ती कशासाठी, ते यांना सांगितलं आहे. त्याचं पुढे काय करायचं ते अजून ठरत नाही.

आईला कुणीच काही सांगितलं नव्हतं. या दिवाळीत निफाडला गेले तेव्हा ती ओसरीवर वाती वळत बसली होती, काठी भिंतीला टेकवलेली. मी शेजारी बसले. वात वळता वळता तिने माझं मनगट धरलं, उलटसुलट करून बघितलं, काचेच्या बांगड्या मागे सारल्या.

"दोन वर्सं झाली, पोरी. मी काही आंधळी नाय. किती झाले व्हते दवाखान्याचे?"

तोंडाला आलं होतं, थोडेच. मग सांगितलं. "एक लाख एकोणनव्वद हजार तीनशे."

"आन पाटल्यांचे किती आले?"

"एक लाख चार हजार."

तिने हाताची वात पूर्ण वळली, ताटात ठेवली, पुढचा कापूस घेतला. ओठ हलत होते, वजाबाकी चालली होती. ती शाळेत गेलेली नाही, पण द्राक्षाच्या पेट्यांचा हिशेब आयुष्यभर तोंडी केला आहे.

"मंग वरचे?" तिने विचारलं.

मी तिला पहिल्यापासून सांगायला लागले.